मुक्त सॉफ्टवेअरसाठी जुनाच ई-रीडर का शोधावा लागतो?

ज्याच्या आतलं सगळं सॉफ्टवेअर वाचता, बदलता आणि इतरांना देता येईल असा ई-रीडर हवा असेल, तर दुकानातली नवी मॉडेलं फारशी कामाची नाहीत. बघायची ती २०११ ते २०१३ च्या सुमाराची यंत्रं, कुणाच्या तरी कपाटात धूळ खात पडलेली. ही वेळ का आली, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

ई इंक ही कंपनी १९९७ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघाली. तिचा पडदा वापरून सोनीने २००४ मध्ये जपानात ‘लिब्रिए’ हा ई-रीडर आणला. आत लिनक्स ही मुक्त प्रणाली होती, पण विकत घेतलेलं पुस्तक साठ दिवसांनी उघडायचं बंद व्हायचं. पाया मुक्त आणि वर कुलूप, ही रचना पहिल्या यंत्रापासूनच आहे. २००६ मध्ये सोनीचा पीआरएस-५०० आला, तोही लिनक्सच्या संगणकाशी बोलेना. ती अडचण सोडवायला कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने त्याच वर्षी एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणारा कोड) लिहायला घेतली. तिचंच पुढे ‘कॅलिबर’ झालं. आज जगभरचे वाचक आपला पुस्तकसंग्रह त्यावर सांभाळतात.

२००७ हे वर्ष मला या कहाणीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २९ जूनला जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची तिसरी आवृत्ती आली. निर्मात्याने मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं, स्रोतही (प्रोग्रामचा मूळ मजकूर) द्यायचा, पण बदललेला प्रोग्राम त्याच यंत्रावर चालू द्यायचा नाही, ही पळवाट तिने घरगुती उपकरणांपुरती बंद केली. लिनक्सचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं. १९ नोव्हेंबरला ॲमेझॉनने किंडल विकायला काढलं, त्याच कर्नलवर. कंपनीची डिजिटल सही नसलेलं अपडेट ते घेत नाही. स्रोत वाचायला मिळाला, तरी आपल्याच हातातल्या यंत्रात तो घालायचा तर आधी कुलूप फोडायचा मार्ग शोधावा लागतो. याचा अर्थ लोकांना कळला तो जुलै २००९ मध्ये. जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती विक्रेत्याकडे हक्क नसताना विकल्या गेल्या होत्या, म्हणून ॲमेझॉनने त्या वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले, जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण घरात येऊन कपाटातलं पुस्तक उचलून नेण्याची सोय यंत्रात आहे, हे त्या दिवशी उघड झालं.

पर्यायाचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. ‘ओपनइंकपॉट’ने हॅनलिन व्ही-३ सारख्या यंत्रांसाठी पूर्ण मुक्त प्रणाली रचली होती. पण ती यंत्रं फार थोड्यांकडे होती.

खरी संधी दिली कॅनडाच्या कोबोने. २०११ चा कोबो टच आणि २०१२ चे मिनी व ग्लो उघडले, की आत चक्क मायक्रोएसडी कार्ड दिसतं. सगळी प्रणाली त्यावरच असते. यंत्र सुरू करणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, सही तपासत नाही आणि कर्नलचा स्रोत कंपनीने स्वतः प्रसिद्ध केला आहे. कार्ड काढा, नवं तयार करा, बसवा. चुकलं तर जुनं कार्ड परत घाला. शिकणाऱ्याला याहून सुरक्षित यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. वाचण्यासाठी केओरीडर आणि प्लेटो हे दोन्ही मुक्त प्रोग्राम या यंत्रांवर चालतात. आपल्यासाठी केओरीडर मोलाचा, कारण अक्षरांची जुळणी तो हार्फबझ या मुक्त लायब्ररीकडून करून घेतो. ही जुळणी नसलेल्या प्रोग्राममध्ये ‘कवि’तली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने मुक्त परवान्याखाली दिलेला ‘मुक्त’ हा टंक (फॉन्ट) त्यावर टाकला, की मराठी मजकूर व्यवस्थित वाचता येतो.

तरीही ‘सगळं सॉफ्टवेअर’ यातल्या ‘सगळं’ या शब्दापाशी अडायला होतंच. एक अडथळा वायफायचा. त्या चिपला निर्मात्याची बंद फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागते. तो टाळणं सोपं, कारण वायफाय बंद ठेवून पुस्तकं केबलने भरता येतात. दुसरा अडथळा पडद्याचा, आणि तो टाळता येत नाही. ई-शाईच्या पडद्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात. करड्या रंगाच्या सोळा छटांपैकी एकीवरून दुसरीवर जायला कोणता विद्युतदाब कोणत्या क्रमाने आणि किती वेळ द्यायचा, हे एका तक्त्यात ठरलेलं असतं. तापमान बदललं की हा क्रमही बदलतो. या तक्त्याला वेव्हफॉर्म म्हणतात, आणि तो ई इंकच्या परवान्याखाली यंत्रासोबत येतो. मूळ लिनक्समध्ये काही कोबो यंत्रांची हार्डवेअर-वर्णनं नंतर सामावली गेली, पण या तक्त्याचा स्रोत खुला झाला नाही. तो प्रोग्राम नाही, नुसती आकड्यांची माहिती आहे, असं काहीजण म्हणतात आणि एवढ्यावर समाधान मानतात. मला ते पुरेसं वाटत नाही. जे बदलता येत नाही आणि इतरांना देता येत नाही, ते मुक्त नाही. स्वतः मोजून तक्ते तयार करण्याचं काम ‘ग्लायडर’सारख्या खुल्या मॉनिटर-प्रकल्पांतून सुरू झालं आहे, आणि माझी आशा तिथे आहे.

तोवर मूळ तक्ता जपावा लागतो. जुना कोबो हाती आला, तर कार्ड पुसण्याआधी त्याची प्रत घ्या, आणि नुसत्या फाइली उतरवून घेऊ नका. वेव्हफॉर्म कुठल्याही फोल्डरमध्ये नसतो. तो कार्डावर विभागांच्या बाहेरच्या कच्च्या जागेत लिहिलेला असतो. म्हणून पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत अख्ख्या कार्डाची प्रतिमा घ्यावी लागते.