तिथी बघा, मग फ्लेमिंगो बघा

"फ्लेमिंगो गेले वाटतं सोडून," शेजारचे काका लिफ्टमध्ये म्हणाले. सकाळी साडेसहाला नवी मुंबईत, सीवूड्सच्या डीपीएस तलावावर जाऊन आले होते, एकही पक्षी दिसला नाही. मी विचारलं, "काका, आज तिथी कोणती?"

"अमावास्या. का हो?"

अमावास्येला सहाच्या सुमारास ठाणे खाडीत ओहोटी असते. चिखल उघडा पडतो आणि रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, तिकडे चरायला जातात. धाकटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) चोच उलटी बुडवतो, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून पाणी आतबाहेर करतो आणि चोचीतल्या बारीक झालरीत अडकलेलं सूक्ष्म शैवाल गिळतो. त्याचा गुलाबी रंगही त्यातल्याच कॅरोटिनॉइड रंगद्रव्याचा. भरतीत तो चिखल पाण्याखाली जातो. हा पक्षी जेमतेम तीन फूट उंच, आणि उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं. मग तो काठच्या उथळ तळ्यात येऊन एका पायावर उभा राहतो.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेला मात्र हाच हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि भरती येते बाराच्या आसपास. कारण 15 तिथींत भरती 12 तास पुढे सरकते, म्हणजे खरा गुणक 3/4 नव्हे, 4/5. तोंडी हिशेबाला पाऊण बरी, एवढंच. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं 12 अंशांचं अंतर. पंचांगातलं हे गणित पाण्यावर ताडून बघता येतं, शेजारच्या पानावरचं राशिभविष्य नाही!

सीवूड्सचं हे तळं मारायला भराव टाकावाच लागतो असं नाही. खाडीचं पाणी आत येण्याची वाट चोंदली तरी पुरे. 2024 मध्ये तसंच झालं, तलाव आटला. खाडीतलं अभयारण्य 2015 पासून आहे, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आलं, पण पक्षी भरतीच्या वेळी जिथे थांबतात ती काठची तळी त्यात नव्हती. 30 एकरांच्या या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य शासनाने एप्रिल 2025 मध्ये मंजुरी दिली. चौकात फ्लेमिंगोचे पुतळे मात्र कधीचेच उभे आहेत.

काका दुपारी बाराला छत्री घेऊन पुन्हा गेले. साडेबाराला त्यांचा फोटो आला: कॅमेऱ्यावर आलेलं काकांचं एक बोट, आणि त्यामागे गुलाबी रांग.