बुरशीतील मेलॅनिन

मेलॅनिन हे अनेक बुरश्यांच्या पेशीभित्तिकेत साठणारे तपकिरी-काळे रंगद्रव्य आहे. माणसाच्या केसांत आणि त्वचेत असते त्याच कुळातले, पण काही बुरश्या ते अगदी वेगळ्या रासायनिक मार्गाने बनवतात. ऊन, कोरडेपणा आणि मातीतले अमीबा यांपासून बचाव हे त्याचे मूळ काम असावे. अमीबा बीजाणू गिळतो, तशाच आपल्या शरीरातल्या भक्षक पेशीही गिळतात. त्यामुळे मातीत कमावलेली ही ढाल माणसाच्या फुप्फुसात आयतीच कामी येते.

सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे. कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर वाढणाऱ्या या बुरशीचे करड्या-हिरव्या रंगाचे बीजाणू अवघे २ ते ३ मायक्रोमीटरचे असतात आणि श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. हा रंग डीएचएन मेलॅनिनचा, म्हणजे वर सांगितलेल्या वेगळ्या मार्गाने बनणाऱ्या मेलॅनिनचा. ते बनवणारे पहिले जनुक निकामी केले की बुरशी पांढरी होते. १९९८ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत असे पांढरे बीजाणू भक्षक पेशींनी अधिक प्रमाणात टिपले आणि त्यांची लागण झालेले उंदीर अधिक संख्येने वाचले.

भक्षक पेशी गिळलेला जंतू एका पिशवीत कोंडते, तिथे आम्ल वाढवते आणि ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू सोडते. मेलॅनिन हे रेणू शोषून घेते, एवढे जुन्या अभ्यासकांना माहीत होतेच. पण त्याची खरी करामत पुढची आहे. ते पिशवीतले कॅल्शियम धरून ठेवते. त्यामुळे पचनाची यंत्रणा जुळवणारा संदेशच अडतो. बीजाणू मरत नाही, नुसता कोंडून राहतो. भित्तिकेतल्या ज्या शर्करा ओळखून शरीर सावध होते, त्याही या थराखाली झाकलेल्या असतात. बीजाणू रुजण्यासाठी फुगला की थर फाटतो आणि त्या उघड्या पडतात. निरोगी माणसात बहुधा इथेच त्याचा निकाल लागतो; प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात मात्र लागत नाही.

शरीरही अगदीच आंधळे नाही. डीएचएन मेलॅनिन थेट ओळखणारा मेललेक नावाचा ग्राही (पेशीवरचा, ठरावीक पदार्थ ओळखणारा रेणू) सापडल्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मूलपेशी प्रत्यारोपणात दात्याच्या या ग्राहीच्या जनुकात विशिष्ट बदल असेल, तर रुग्णाला ॲस्परजिलसच्या संसर्गाचा धोका वाढतो असेही त्यात दिसले.

मेंदूज्वर घडवणारी क्रिप्टोकॉकस निओफॉरमन्स ही यीस्ट मात्र मेलॅनिनसाठी कच्चा माल बाहेरून घेते. लॅकेज हे तिचे एंझाइम डोपामिनसारख्या पदार्थांपासून रंग बनवते. मेंदूत डोपामिनचा तोटा नाही. या यीस्टला मेंदू का मानवतो याचे हे एक कारण सांगितले जाते, पण त्यावर एकमत नाही. प्रयोगशाळेत तिची ओळख पटवायला जे माध्यम वापरतात, ते चटणीच्या कारळ्यांपासून, म्हणजे खुरासणीच्या बियांपासून केलेले असते. कारळ्यातले कॅफेइक आम्ल वापरून क्रिप्टोकॉकसच्या वसाहती तपकिरी होतात, इतर यीस्ट पांढरट राहतात. ही युक्ती १९६२ मध्ये स्टाइब यांनी सांगितली. रंगलेल्या पेशींवर ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीनाशक औषध कमी चालते, कारण मेलॅनिन औषधालाच बांधून ठेवते.

पायाला होणाऱ्या मायसेटोमा या चिवट रोगातील मदुरेला नावाच्या बुरशीचे काळे दाणेही मेलॅनिनयुक्त असतात. हा रोग बुरशीचा आहे, हे एकोणिसाव्या शतकात मुंबईत काम करताना हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी मांडले. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे ते हेच. याउलट २०२१ मध्ये महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ म्हणून धास्ती पसरवणाऱ्या म्युकरमायकोसिसचे नाव फसवे आहे. तिथला काळेपणा बुरशीच्या रंगाचा नसून रक्तपुरवठा तुटून मेलेल्या ऊतींचा असतो.

भातावर करपा पाडणाऱ्या बुरशीलाही डीएचएन मेलॅनिन लागते. त्याशिवाय पानात घुसण्याइतका दाब तिला साधत नाही. शेतकरी फवारतात ते ट्रायसायक्लाझोल बुरशीला मारत नाही, तिचे मेलॅनिन बनणे थांबवते. याच रसायनाने प्रयोगशाळेत ॲस्परजिलसचे मेलॅनिनही रोखता येते. रुग्णाला देता येईल असे मेलॅनिनरोधक औषध मात्र अजून वापरात आलेले नाही.