क्लेरिक : सर्वसाधारण आणि दैवतनिष्ठ

कल्पनारम्य टेबलटॉप रोलप्ले खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र रंगवत खेळायच्या खेळांत, देवाच्या कृपेने मंत्र चालवणाऱ्या पात्राला ‘क्लेरिक’ किंवा ‘प्रीस्ट’ म्हणतात. हे पात्र दोन तऱ्हांनी घडवले जाते. सर्वसाधारण क्लेरिकचा देव कोणताही असो, त्याचे मंत्र, शस्त्रे आणि बंधने तीच राहतात. दैवतनिष्ठ पुजाऱ्याचे मात्र हे सगळे त्याच्या देवावरून ठरते. मराठी वाचकाला दुसरा प्रकार चटकन उमगेल. खंडोबाच्या वाघ्याकडे दिमडी आणि भंडाऱ्याची पिशवी असते, तर देवीच्या गोंधळ्याकडे संबळ आणि कवड्यांची माळ. दोघेही उपासक, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

क्लेरिकचा जन्म श्रद्धेपेक्षा गरजेतून झाला. डेव्ह आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ खेळात एका खेळाडूचे पात्र व्हॅम्पायर बनून डोईजड झाले, तेव्हा त्याला आवर घालण्यासाठी पिशाच्चांचा शिकारी असा धर्मगुरू आणला गेला. पुढे आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली प्रसिद्ध झाला. त्यात योद्धा आणि जादूगार यांच्या जोडीला क्लेरिक हा पात्रांचा तिसरा वर्ग (प्रकार) होता. मेलेले पण चालतेफिरते जीव पळवून लावायचे, जखमा भरायच्या आणि चिलखत घालून लढायचे, ही त्याची कामे. धारदार शस्त्राला त्याने हात लावायचा नाही. काठीचे साप करणे, कीटकांची धाड आणणे हे त्याचे मंत्र थेट बायबलमधले. म्हणजे ‘सर्वसाधारण’ म्हटलेला हा क्लेरिकही मुळात मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्धाच होता. फक्त त्याच्या देवाचे नाव कोरे ठेवलेले होते.

ती कोरी जागा लवकरच खुपू लागली. 1976 च्या ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ या पुरवणीत ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन आणि हिंदू देवता आल्या. 1980 च्या ‘डीटीज अँड डेमीगॉड्स’मध्येही भारतीय देवतांचा विभाग होता. पण देवांची यादी आली म्हणून पुजारी बदलला नाही. अग्नीचा उपासक आणि वरुणाचा उपासक मंत्र म्हणायचे ते एकाच पोथीतले.

खरा बदल 1989 मध्ये आला. ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या त्याच खेळाच्या विस्तारित रूपाच्या दुसऱ्या आवृत्तीने पुजाऱ्यांचे मंत्र 16 क्षेत्रांत विभागले: उपचार, युद्ध, सूर्य, वनस्पती, हवामान वगैरे. प्रत्येक देवाच्या पुजाऱ्याला काही क्षेत्रे पूर्ण खुली, काही फक्त तिसऱ्या पातळीच्या मंत्रांपर्यंत आणि बाकीची बंद. शस्त्रे, खास शक्ती आणि आचारही देवागणिक वेगळे. ‘फॉरगॉटन रेल्म्स’ या खेळातल्या काल्पनिक जगासाठी 1996 मध्ये आलेल्या ‘फेथ्स अँड अवतार्स’ने ही कल्पना फार आस्थेने फुलवली. त्यात सण, वेश आणि पूजाविधीही सविस्तर दिले होते.

अडचण टेबलावर बसल्यावर कळायची. उपचाराचे क्षेत्र बंद असलेल्या देवाचा पुजारी घेतला, तर जखमी सोबत्यांकडे पाहायचे कोणी? शिवाय सर्वसाधारण क्लेरिकला बहुतेक क्षेत्रे पूर्ण खुली होती. त्यामुळे 1990 च्या ‘कम्प्लीट प्रीस्ट्स हँडबुक’मधले अनेक दैवतनिष्ठ पुजारी त्याच्यापुढे दुबळे ठरत. ज्याने देवाचा अधिक विचार केला त्यालाच तोटा व्हावा, हा या नियमांचा मोठाच दोष होता.

तिसऱ्या आवृत्तीने (2000) तोडगा काढला. मंत्रांची सामायिक यादी सर्वांना ठेवली आणि त्यावर देवाच्या यादीतून दोन ‘डोमेन’ (देवाची अधिकारक्षेत्रे) निवडायला दिले. सज्जन क्लेरिकला तयार केलेला मंत्र ऐनवेळी उपचारात बदलता येऊ लागला, त्यामुळे उपचारांची चिंता मिटली. धारदार शस्त्रांची बंदीही गेली. मात्र मूळ नियमांत देवाविना, नुसत्या तत्त्वावर निष्ठा ठेवूनही क्लेरिक होता येई. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या मूळ पुस्तकात सात डोमेन होते आणि निवड पात्राच्या प्रगतीच्या पहिल्याच पातळीवर करायची होती. 2024 च्या सुधारणेत ती तिसऱ्या पातळीवर गेली. खेळ त्यामुळे सोपा झाला, पण पहिल्या दोन पातळ्यांवर दोन देवांचे उपासक पुन्हा एकसारखे दिसू लागले. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती (2019) उलट दिशेने गेली. तिथे क्लेरिकला देव निवडावाच लागतो आणि त्या देवाने काय सांगितले, काय निषिद्ध मानले, हेही नियमांतच येते.

पण या साऱ्या बदलांच्या कितीतरी आधी, 1978 मध्ये ‘रूनक्वेस्ट’ने वेगळी वाट धरली होती. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरांथा या जगात घडणाऱ्या या खेळात क्लेरिक नावाचा वर्गच नाही. लढवय्या असो, व्यापारी असो, प्रत्येकाला एखाद्या पंथाची दीक्षा घेता येते. पंथ शक्ती देतो आणि तिची किंमतही मागतो. 1979 च्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’मध्ये याचे सर्वांत सुंदर नमुने सापडतात. देव काय देतो यापेक्षा काय सोडायला लावतो, यावरून पुजारी घडतो, हे या खेळाइतके नेमके कोणी ओळखले नाही. चलाना अरॉय या आरोग्यदेवतेच्या उपासकांनी शस्त्र उचलायचे नाही, ही शपथ असते. मेलेल्याला परत आणण्याची विद्या त्यांच्याच पंथाची. हुमाक्त हा मृत्यूचा आणि तलवारीचा देव. त्याच्या उपासकाला ती विद्या वर्ज्य असते. शेजारी चलाना अरॉयची उपासक हात पुढे करून उभी असली, तरी त्याने परत यायचे नसते.