कंपनीचा इंटरकूलर की बाहेरचा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मे महिन्यातली दुपार. मामेभावानं गाडी अंगणातल्या कडुलिंबाखाली लावली आणि लगेच बॉनेट उघडलं. गाडी २००५ची मिनी कूपर एस, इंग्लंडातली नोकरी सोडून इंदूरला परतताना त्यानं सोबत आणलेली. "दादा, हात लावून बघ," म्हणाला. इंटरकूलर म्हणजे इंजिनात जाणारी दाबलेली, तापलेली हवा थंड करणारी जाळी; तिच्यात शिरणाऱ्या रबरी पाइपाला चटका बसत होता. बाहेर पडणाऱ्या पाइपाला हात ठेवला, तर तोही फारसा मागे नव्हता. बाहेरून मागवलेला जाडजूड इंटरकूलर बसवून पंधरवडा झाला होता. तरी विजयनगरच्या सिग्नलवरून निघताना गाडी दमल्यासारखी वागे. कंपनीचा काढला ही चूक झाली का, असं त्याला विचारायचं होतं. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही आणि त्याचं मूळ बरंच जुनं आहे.

सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, हे सगळ्यांना माहीत असतं. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचं दुखणं तेच. मिनीतला सुपरचार्जर रूट्स जातीचा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६०च्या सुमारास हे यंत्र बनवलं, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. ते भट्टीत हवा फुंकायला वापरलं गेलं. ते हवा आत दाबून लहान करत नाही, नुसती पुढं ढकलतं. दाब तयार होतो पुढच्या पाइपात, आणि त्या धक्काबुक्कीत हवा गरजेपेक्षा जास्त तापते. स्वभावानं तो भट्टीचा भाताच. मर्सिडीजनं १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात 'कॉम्प्रेसर' गाड्या मांडल्या, तेव्हापासून रस्त्यावरच्या गाड्यांत हा भाता आला.

इंदूरनंही हे वेड फार लवकर पाहिलं. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात सुपरचार्जर लावलेली ड्यूसेनबर्ग एसजे घेतली होती, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून. जवळजवळ सात लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन, कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. इंटरकूलर मात्र नव्हता. एवढ्या थोरल्या इंजिनाला बेताचा दाब पुरे होता, त्यामुळं तापलेल्या हवेचं कुणाला फार वाटलं नाही.

वाटायला लागलं ते विमानांत. उंचावर हवा विरळ, म्हणून रोल्स-रॉइसनं मर्लिन इंजिनाच्या ६० मालिकेत दोन टप्प्यांचा सुपरचार्जर घातला. दोनदा दाबलेली हवा इतकी तापे की सिलिंडरांत शिरण्याआधी तिला पाण्यानं थंड करणं भागच होतं. १९४२मध्ये स्पिटफायर मार्क ९ त्याच जोरावर उडालं. मोटारींकडं ही युक्ती यायला वेळ लागला: पोर्श ९११ टर्बोला इंटरकूलर मिळाला तो १९७८च्या ३.३ लिटर मॉडेलपासून.

छोट्या गाडीची अडचण निराळी होती, जागेची. टोयोटानं १९८६मध्ये एमआर-२ला सुपरचार्जर लावला आणि इंटरकूलर सरळ इंजिनाच्या डोक्यावर ठेवला. मिनीनंही पुढं तोच मार्ग धरला. तिचं १.६ लिटरचं ट्रायटेक इंजिन ब्राझीलमध्ये क्रायस्लर आणि बीएमडब्ल्यूच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनत असे. त्याला ईटनचा एम-४५ सुपरचार्जर जोडून आधी १६३, २००४पासून १७० अश्वशक्ती काढली गेली. आडवं बसवलेलं इंजिन, आखूड नाक, पुढं रेडिएटर. मग इंटरकूलर वर गेला आणि बॉनेटला हवेचं तोंड पडलं. यात पाइप आखूड राहतात, म्हणून पाय दाबताच गाडी उसळते. पण ज्याला थंड करायचं तेच इंजिन खालून शेकत असतं.

म्हणून कंपनीच्या इंटरकूलरला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. तो हलका आहे, बॉनेटच्या तोंडाखाली नेमका बसतो, आणि युरोपातल्या वाहत्या रस्त्यावर, मूळ दाबावर, नेमून दिलेलं काम करतो. बिघडवलं ते हौशी लोकांनी. त्यांनी सुपरचार्जरची पुली, म्हणजे पट्ट्यानं त्याला फिरवणारं चाक, काढून लहान बसवली. पुली लहान, फेरे जास्त, दाब जास्त, आणि उष्णता त्याहून जास्त. कंपनीची जाळी तिथं अपुरी पडायला लागली आणि आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या, इंटरकूलरचा बाजार उभा राहिला. पुली मूळची असेल, तर या बाजाराकडं वळायची घाई नको.

हिशेब असा. बाहेर ४० अंश, दाब ०.७ बारच्या आसपास, तर रूट्समधून निघणारी हवा १२० अंशांच्या घरात जाते. तीच ६५वर आणली, की दाबातली किरकोळ घट सोडता, त्याच जागेत सुमारे १६ टक्के जास्त हवा मावते. शिवाय हवा तापलेली असली की नॉक, म्हणजे पेट्रोलचं अवेळी भडकणं, टाळायला ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) स्पार्क मागं घेतो, तो तोटा वेगळाच. मामेभावाला गाडी दमल्यासारखी वाटायची ती इथं.

बाहेरचे इंटरकूलर बहुधा बार अँड प्लेट बांधणीचे, म्हणजे पट्ट्या आणि पत्रे एकावर एक जोडलेले, असतात, जास्त ॲल्युमिनियमचे. वजन जास्त, म्हणून पाच-दहा सेकंदांच्या जोरदार धावेत ते उष्णता गिळून टाकतात. पण गिळलेली उष्णता बाहेरही टाकावी लागते, आणि त्याला वारा लागतो. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकवर वाऱ्याची ददात नाही. पलासियाच्या सिग्नलला उभ्या गाडीत मात्र जाड जाळी खालच्या इंजिनानं सावकाश भाजते आणि निघाल्यावर निवायलाही जास्त वेळ घेते. शिवाय जाळी तोंडापेक्षा रुंद असली, तर कडेच्या भागावर वारा पोचतच नाही. तिच्यासोबत हवा वळवणारं वेगळं झाकण लागतं.

हा पेच अखेर कंपन्यांनी जागा बदलून सोडवला. २००६च्या शेवटी आलेल्या नव्या कूपर एसमध्ये सुपरचार्जर गेला, एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बो आला, इंटरकूलर बंपरमागं खाली उतरला. बॉनेटवरचं तोंड मात्र शोभेपुरतं ठेवलं, याचं मला अजून हसू येतं. फोक्सवॅगननं १.२ टीएसआयमध्ये इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतच, घालून पाण्यानं थंड केला; आपल्याकडच्या १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये तोच होता. लोटसची तऱ्हा तिसरीच: एक्सीज एसला छतावरून हवा घेणारा इंटरकूलर, आणि २००८च्या एलिस एससीला इंटरकूलरच नाही.

मामेभावाच्या गाडीत आम्ही बॉनेटखालची फोमची पट्टी पाहिली. तिच्यामुळं तोंडातून आलेली हवा जाळीवरच पडते, इकडंतिकडं निसटत नाही. नव्या जाळीच्या उंचीमुळं ती एका बाजूला चेपून फाटली होती. बोट सहज आरपार गेलं. त्यानं नवी पट्टी कापून चिकटवली, आणि पुली मूळचीच आहे ना, हे मी दोनदा विचारून घेतलं. मूळचीच होती. कंपनीचा इंटरकूलर त्यानं विकलेला नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. पाऊस पडला की दोन्ही आळीपाळीनं लावून बायपासवर फिरवू, असं ठरलंय.