आयरेटिंग आणि सेफ्टी रेटिंग: ‘रेटिंग पडले’ म्हणजे नेमके कोणते?

नागपुरात सिम रेसिंग, म्हणजे संगणकावरच्या मोटार शर्यती, करणाऱ्या आमच्या लहानशा गटात शर्यत संपली की हेडफोनवर एक वाक्य हमखास ऐकू येते: “काहून पडलं माझं रेटिंग, भाऊ? ठोकलं तर त्यानं!” या एका वाक्यात दोन चुका आहेत. खेळाडूला आयरेटिंग आणि सेफ्टी रेटिंग अशी दोन रेटिंगे असतात, त्यांतले कोणते पडले हे बोलणाऱ्याने सांगितलेले नसते, आणि ज्या रेटिंगबद्दल तो बोलत असतो, त्याचा ‘कोणी ठोकले’ या प्रश्नाशी मुळातच संबंध नसतो. हे मी तोंडी इतक्या वेळा समजावले आहे की आता एकदा नीट लिहून ठेवणेच बरे. उदाहरणे मुख्यतः आयरेसिंगमधली घेतो, कारण २००८ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या सिम्युलेटरवर आमच्यातले बहुतेक जण खेळतात आणि गल्लतही बहुतेक तिथलीच असते.

आयरेटिंगवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. दिव्या देशमुख आणि रौनक साधवानी यांच्या शहरात बुद्धिबळाचे रेटिंग कसे चालते हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, आणि आयरेटिंग त्याच घराण्यातले आहे. आर्पाड एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवलेली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारलेली पद्धत इथे शर्यतीला लावली आहे. बलवानाच्या पुढे राहिलात तर जास्त मिळते, कमकुवताच्या मागे पडलात तर जास्त जाते. चौदा गाड्यांची शर्यत म्हणजे तत्त्वतः तुमचे उरलेल्या तेरा जणांशी एकाच वेळी झालेले तेरा डाव. तुम्ही कसे चालवलेत, किती वेळा घसरलात, कोणाला घासून गेलात, हे आयरेटिंग विचारत नाही. शेवटी कितवे आलात एवढेच ते पाहते.

लायसन्सचा वर्ग आणि स्प्लिट यांतला गोंधळ त्याहून किरकोळ आहे आणि शाळेच्या भाषेत तो लगेच सुटतो. रूकी, डी, सी, बी, ए हे लायसन्सचे वर्ग म्हणजे इयत्ता, आणि एकाच शर्यतीला जास्त लोक आले की पाडले जाणारे स्प्लिट म्हणजे तुकड्या. कोणत्या इयत्तेत बसायचे हे सेफ्टी रेटिंग ठरवते, तर त्या दिवशी कोणत्या तुकडीत बसायचे हे आयरेटिंग ठरवते. म्हणजे कोणत्या शर्यतीचे दार उघडेल हा एका आकड्याचा प्रश्न आहे आणि आत गेल्यावर शेजारी कोण असेल हा दुसऱ्याचा.

आता खरी अडचण. सेफ्टी रेटिंग, ज्याला आम्ही सगळे एसआर म्हणतो, हे ०.०० ते ४.९९ या पट्टीवर चालते. नव्या खेळाडूची सुरुवात रूकी वर्गात २.५० पासून होते. ठरावीक शर्यती पूर्ण करून रूकीने ३.०० ओलांडले की तो पुढच्या वर्गात जातो. त्यापुढच्या वर्गांत ४.०० ओलांडले तर १२ आठवड्यांचा हंगाम संपण्याची वाट न पाहता बढती मिळते, आणि १.०० च्या खाली घसरले तर तितक्याच तडकाफडकी खालचा वर्ग मिळतो. इतके सगळ्यांना पाठ असते. हा आकडा नेमके काय मोजतो, हे मात्र दोन-दोन वर्षे खेळणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

घसरणे, आदळणे, धडक अशा प्रत्येक घटनेला दंडाचे गुण असतात, आणि अशा एका गुणामागे तुम्ही किती वळणे पार केलीत हे तो मोजतो. ट्रॅकच्या कडेबाहेर गाडी गेली की एक गुण, ताबा सुटून गाडी फिरली की दोन, भिंतीवर किंवा कशावर आदळली की दोन, दुसऱ्या गाडीशी जोराची धडक झाली की चार. दुसऱ्या गाडीला हलका स्पर्श झाला तर पडद्यावर शून्य उमटते आणि मोजणीत काही धरले जात नाही. समजा, लगूना सेकाच्या ११ वळणांच्या ट्रॅकवर तुम्ही १२ फेऱ्या मारल्या. एकूण १३२ वळणे झाली. एकच धडक बसली असेल तर १३२ भागिले ४, म्हणजे गुणामागे ३३ वळणे. त्याच धडकेखेरीज तीन वेळा कडेबाहेर गेलात आणि एकदा गाडी फिरवलीत, तर नऊ गुण झाले आणि तोच आकडा १५ च्याही खाली आला. एसआर वर जाणार की खाली, हे या भागाकारावर आणि तुमच्या अलीकडच्या शर्यतींतल्या अशाच भागाकारांवर ठरते. वर्ग जसजसा चढत जातो, तसतशी त्याच आकड्यावर टिकण्यासाठी जास्त स्वच्छ चालवण्याची अपेक्षा असते.

या साऱ्या हिशेबात ‘चूक कोणाची’ असा रकानाच नाही. धडक झाली की दोघांच्याही खात्यावर चार गुण चढतात.

इथेच लोक अडखळतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण बुद्धिबळाची सवय लागलेल्या माणसाला प्रत्येक आकडा निकालपत्रासारखा वाटतो. एसआर समजून घ्यायला बुद्धिबळाऐवजी गाडीच्या विम्याकडे पाहावे. आपल्या गाडीच्या विम्यात नो क्लेम बोनस असतो. वर्षभर नुकसानीचा दावा केला नाही तर पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, आणि सलग पाच वर्षे दावा न केल्यास ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून कोणी ठोकले आणि तुम्ही स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करून घेतली, तर चूक शंभर टक्के त्याची असूनही तुमचा बोनस जातो. विमा कंपनीने तुम्हाला दोषी ठरवलेले नसते. तुमच्या खात्यात एक दावा नोंदला गेला, इतकाच त्याचा अर्थ. एसआर हा तुमचा नो क्लेम बोनस आहे. त्याला चारित्र्याचा दाखला समजू नये आणि तो पडला म्हणून अपमान झाला असेही मानू नये.

मागच्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आमच्याकडे आला होता. दुपारी कूलरसमोर जेवणाच्या टेबलाला स्टीयरिंग आवळून तो माझदा एमएक्स-५ या गाडीची शर्यत लगूना सेकावर खेळत होता आणि मी मागे उभा होतो. पहिल्याच फेरीत दुसऱ्या वळणावर, म्हणजे डावीकडच्या त्या लांबट हेअरपिनवर, मागच्या गाडीने त्याला धडक दिली आणि पडद्याच्या कोपऱ्यात चार गुण चढले. “मामा, हा तर सरळ सरळ त्याचा दोष आहे, मग मला का?” असे म्हणत तो वळून माझ्याकडे पाहू लागला. शर्यत संपल्यावर आम्ही दोघांनी रिप्ले तीन वेळा पाहिला, तिसऱ्यांदा अगदी संथ गतीने. मागच्याने ब्रेक उशिरा लावला होता, यात वादच नव्हता. पण त्याआधी भाच्याने सरावात जिथे ब्रेक लावला होता, त्याच्या दोन गाड्या अलीकडेच लावला होता, कारण पहिल्या फेरीत टायर थंड असतात हे त्याने ऐकलेले होते. शिवाय ब्रेकवर पाय असतानाच तो आतल्या बाजूला सरकला होता. मागच्या माणसाला हे ओळखायला अर्धा सेकंदही मिळाला नाही. दोष मागच्याचा जास्त होता, पण ती धडक टाळण्याची एक संधी पुढच्याच्याही हातात होती. एसआर त्या संधीचा हिशेब ठेवते.

यंत्राला दोष ठरवता येत नाही म्हणून ही पळवाट काढली आहे, असे काही जण म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे, कारण सेकंदाच्या अंशात कोणी रेषा सोडली आणि कोणी जागा सोडायला हवी होती, हे माणसांतही वादाचे ठरते. पण माझ्या मते दोष न पाहणे ही या पद्धतीची सर्वांत चांगली बाजू आहे. वर्धा रोडवर दुचाकी चालवणारा प्रत्येक जण हिरव्या सिग्नलवरही आडव्या रस्त्याकडे एक नजर टाकूनच पुढे जातो, कारण चूक समोरच्याची असली तरी हाड आपलेच मोडते हे त्याला कळते. सिम्युलेटरमध्ये हाड मोडत नाही, म्हणून ती सावधगिरी लावायला आकडा लागतो. जाणूनबुजून आडवे येणाऱ्याचे काय, याचे उत्तर वेगळ्या खिडकीवर मिळते. रिप्लेसह प्रोटेस्ट, म्हणजे तक्रार, दाखल करा. तिथे माणसे पाहतात आणि तिथे दोषाचाच निवाडा होतो. प्रोटेस्टचा प्रश्न एसआरला विचारणे म्हणजे तहसीलमधले काम घेऊन पोस्टात रांग लावणे आहे.

दोन्ही आकडे एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत, हे त्याच सुट्टीत आणखी दोनदा दिसले. एका संध्याकाळी शर्यत अर्ध्यावर असताना लाइन गेली. त्या वेळेपर्यंत भाच्याच्या नावावर एकही घटना नव्हती, म्हणून एसआरला धक्का लागला नाही. आयरेटिंग मात्र घसरले, कारण निकालात तो तळाला गेला आणि वीज गेली की हिंमत गेली याच्याशी त्या आकड्याला देणेघेणे नसते. दुसऱ्या एका रात्री तो चौदांत चौथा आला, पण अकरा गुण घेऊन. आयरेटिंग चांगलेच वाढले आणि एसआर पडले. शर्यत संपताच त्याने वडिलांना फोनवर “रेटिंग वाढलं” असे सांगितले, आणि मी त्याला तिथेच थांबवून “कोणतं ते सांग” म्हटले. आमच्या गटात हा माझा आग्रह सगळ्यांना परिचित आहे आणि तो मी सोडणार नाही.

नेटवर्कबद्दलही एक शब्द. २०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात साडेपाच मीटर पुढे जाते. समोरच्याची गाडी तुम्हाला जिथे दिसते, ती जागा इंटरनेटवरून आलेल्या माहितीवरून काढलेला अंदाज असतो. जोडणी अडखळली की तो अंदाज चुकतो आणि पडद्यावर गाड्यांमध्ये वीतभर अंतर दिसत असतानाही धडक नोंदली जाते. त्यामुळे वाय-फायवर शर्यत खेळून एसआरची तक्रार करणाऱ्याशी मी चर्चा करत नाही. राउटरपासून टेबलापर्यंत लॅन केबल ओढावी आणि मग बोलावे.

एसआर वाढवण्याचा जो उपाय नवख्यांना सर्रास सांगितला जातो, त्याचा मला मनापासून राग आहे. “पिटमधून (ट्रॅकशेजारच्या थांब्यातून) सुरुवात कर, सगळ्यांच्या मागे एकटा फिर, आकडा आपोआप चढतो.” आकडा खरोखर चढतो, कारण वळणांची संख्या वाढते आणि ठोकायला जवळ कोणी नसते. पण असा खेळाडू दोन महिन्यांत वरच्या वर्गात पोहोचतो आणि तिथे पहिल्यांदाच कोणी त्याच्या दाराशी दार लावून वळणात शिरते, तेव्हा त्याचे हात गोठतात. रूकीतून एकदा बाहेर पडण्यापुरते हे करायला माझी हरकत नाही. सवय म्हणून करायला मात्र पूर्ण हरकत आहे. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या दुसऱ्या सिम्युलेटरची पद्धत या बाबतीत मला जास्त पटते. तिथे सुरक्षेचा आकडा वाढवायचा तर इतर गाड्यांच्या जवळ राहून त्यांना न लागता चालवावे लागते, एकट्याने मारलेल्या फेऱ्यांनी तो वाढत नाही. ग्रान तुरिस्मो स्पोर्टने २०१७ मध्ये हीच दोन अंगे ड्रायव्हर रेटिंग आणि स्पोर्ट्समनशिप रेटिंग अशा अक्षरी श्रेणींत मांडली, तर रेसरूममध्ये त्यांची नावे रेटिंग आणि रेप्युटेशन अशी आहेत. ग्रान तुरिस्मोतल्या नावामुळे खेळाडूवृत्तीचे मोजमाप होते असा समज आणखी पक्का झाला, आणि ते नाव मला आजही आवडत नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी क्रम असा सांगतो. पहिले दोन महिने आयरेटिंगकडे पाहूच नये. ते पडेल, पडू द्यावे, कारण ते पडले की तुम्ही तुमच्या वेगाच्या तुकडीत जाता आणि शर्यत रंगते. शर्यत संपली की निकालाच्या तक्त्यात आधी क्रमांकाऐवजी घटनांचा रकाना पाहावा. त्यात एक-एक गुण जास्त दिसले तर तुम्ही कडा ओरबाडत आहात, दोन-दोन दिसले तर थ्रॉटल घाईने उघडत आहात, आणि चार-चार दिसले तर पहिल्या दोन फेऱ्यांचा रिप्ले मागच्या गाडीच्या कॅमेऱ्यातून पाहावा. भाच्याने सुट्टी संपेपर्यंत हेच केले. शेवटच्या आठवड्यात तो त्याच हेअरपिनवर नेहमीच्या जागी ब्रेक लावू लागला, रेषा धरून राहू लागला, आणि एकदा मागचा आत घुसतो आहे असे दिसताच त्याने बाहेरची जागा घेऊन त्याला जाऊ दिले. त्या शर्यतीत तो नववा आला. त्याचे आयरेटिंग थोडे पडले, एसआर ३.०० च्या पुढे गेले, आणि वडिलांना फोन लावून त्याने दोन्ही आकडे वेगवेगळे सांगितले.