शटडाउन आणि अमेरिकेतील परंपरावादी भाष्य

अमेरिकेच्या संघ सरकारातील खात्यांना काँग्रेसने (प्रतिनिधिगृह व सिनेट मिळून होणाऱ्या अमेरिकी संसदेने) दिलेली खर्चाची मंजुरी संपते आणि नव्या मंजुरीचा कायदा वेळेत होत नाही, तेव्हा त्या खात्यांचे बरेचसे कामकाज थांबते. या अवस्थेस शटडाउन म्हणतात. मराठी वृत्तपत्रे ‘टाळेबंदी’ असा प्रतिशब्द वापरतात. पण टाळेबंदी मालक करतो आणि येथे टाळे कोणी लावले हाच मुळात वादाचा विषय असतो, म्हणून या नोंदीत मूळ शब्दच ठेवला आहे. ‘पुराणमतवादी’ या शब्दाला मराठीत जुनाटपणाची छटा आहे. मर्यादित शासन, राज्यघटनेचा शब्दशः अर्थ व करकपात यांचा आग्रह धरणाऱ्या, मुख्यतः रिपब्लिकन पक्षातील अमेरिकी प्रवाहाला ती लागू पडत नाही, म्हणून त्यासाठी ‘परंपरावादी’ असे म्हटले आहे.

अमेरिकी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि त्यापूर्वी १२ विनियोजन (म्हणजे खर्चमंजुरीची) विधेयके संमत व्हावीत अशी अपेक्षा असते. ती क्वचितच पुरी होते. मग जुन्याच दराने काही आठवड्यांचा खर्च चालू ठेवणारा तात्पुरता ठराव केला जातो. तोही अडला की शटडाउन होतो. सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनासारखे कायमस्वरूपी कायद्याने ठरलेले खर्च चालूच राहतात. सैनिक, विमान वाहतूक नियंत्रक, सीमारक्षक कामावर राहतात, मात्र वेतनाविना. उरलेल्यांना सक्तीच्या रजेवर पाठवतात. भारतीय वाचकास हा प्रकार अनोळखी वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे अनुच्छेद ११६ खालील लेखानुदानाची सोय आहे आणि लोकसभेने अनुदानाची मागणी नाकारली तर मंत्रिमंडळच जाते, कार्यालये बंद होत नाहीत. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व काँग्रेस स्वतंत्रपणे निवडून येतात आणि एकाच्या पराभवाने दुसरा पदच्युत होत नाही. शटडाउनचे मूळ या रचनेत आहे.

उगमाचा प्रश्न : शटडाउन केव्हापासून धरावा याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमानुसार कायद्याने विनियोजन झाल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढता येत नाही. राज्यघटनेचा एक शिल्पकार जेम्स मॅडिसन याने, तिच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधमालेतील १७८८ मधील ५८ व्या निबंधात तिजोरीवरील हा ताबा लोकप्रतिनिधींच्या हातातील सर्वांत परिणामकारक शस्त्र मानला. परंपरावादी भाष्यकार ज्या वचनाचा वारंवार आधार घेतात ते हेच. परंतु मॅडिसनच्या विवेचनात कार्यालये बंद पडण्याची कल्पना नाही. पुढे १८७० मध्ये मंजुरीपेक्षा अधिक खर्चास मनाई करणारा कायदा झाला. १८८४ मध्ये त्यात, मनुष्यजीवन वा मालमत्ता यांवरील संकटाचा प्रसंग वगळता, सरकारने कोणाकडूनही बिनवेतन सेवा स्वीकारू नये अशी तरतूद आली. १९०५ व १९०६ मधील दुरुस्त्यांनी तो कडक केला. हा तुटीविरोधी कायदा हीच शटडाउनची जन्मतारीख, असे एक मत आहे.

काही इतिहासकार १८७९ कडे बोट दाखवतात. त्या वर्षी काँग्रेसमधील डेमोक्रॅट बहुमताने सैन्याच्या खर्चविधेयकाला, मतदानकेंद्रांवरील संघ सरकारचा बंदोबस्त काढून घेणारी कलमे जोडली. राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज यांनी २९ एप्रिल रोजी त्यावर नकाराधिकार वापरला. प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेते जेम्स गारफिल्ड यांनी खर्चविधेयकातून धोरण लादण्याच्या या प्रयत्नाला क्रांती, म्हणजे घटनात्मक व्यवस्थेचा उच्छेद, असे संबोधले. पैसा अडवून कायदा बदलून घेण्याची रीत यात स्पष्ट दिसते आणि तिचा सर्वांत प्रखर विरोध तेव्हा रिपब्लिकनांनीच केला होता. तरी यास शटडाउनचे पूर्वरूप म्हणावे, शटडाउन नव्हे.

अधिक ग्राह्य वाटते ते तिसरे मत : शटडाउनचा जन्म १९८० मधील एका कायदेशीर अभिप्रायातून झाला. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने आर्थिक वर्षाचा आरंभ १ जुलैवरून १ ऑक्टोबरवर नेला आणि हा बदल १९७६ मध्ये अमलात आला. त्यानंतरच्या चार आर्थिक वर्षांत मंजुरीत सहा वेळा खंड पडला. प्रत्येक खंड ८ ते १७ दिवसांचा होता आणि त्यांपैकी १९७७ मधील तिन्हींच्या मुळाशी वैद्यकीय साहाय्य योजनेतून गर्भपाताचा खर्च द्यावा की नाही हा वाद होता. तरी कार्यालये उघडी राहिली. खात्यांनी प्रवास, नेमणुका, नवी कंत्राटे थांबवली आणि काँग्रेस मागाहून मंजुरी देईल असे गृहीत धरले. १९८० च्या आरंभी महालेखापालांच्या कार्यालयानेही, खंडकाळात खाती बंद व्हावीत असा काँग्रेसचा हेतू दिसत नाही, असेच मत दिले होते. परंतु जिमी कार्टर यांचे महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी २५ एप्रिल १९८० रोजी कायद्याचा अक्षरशः अर्थ लावला : मंजुरी नसेल तर कामकाज आवरते घेण्यापलीकडे कोणतेही काम बेकायदा होय. १ मे रोजी फेडरल ट्रेड कमिशन ही व्यापार-नियामक संस्था एक दिवस बंद राहिले. १६ जानेवारी १९८१ च्या दुसऱ्या अभिप्रायात त्यांनी जीवित व मालमत्तेच्या रक्षणाचा अपवाद विस्तारला. आज कोणी कामावर राहायचे व कोणी घरी, याची विभागणी मुख्यतः त्यावर उभी आहे. १९९० मध्ये काँग्रेसने हा अपवाद पुन्हा आकुंचित केला.

कायद्याचा शब्द पूर्वीपासून हाच होता, सिव्हिलेटींनी तो वाचला इतकेच, असे पहिल्या मताचे समर्थक म्हणतात. ते तर्कशुद्ध आहे. मात्र जवळजवळ शतकभर त्याच शब्दांखाली कार्यालये चालू राहिली होती, या गोष्टीचे उत्तर त्यात मिळत नाही. गणनेतील गोंधळही येथूनच येतो. मंजुरीतील प्रत्येक खंड मोजला तर आकडा २० च्या पुढे जातो. कर्मचारी खरोखर घरी पाठवले गेले तेवढेच प्रसंग मोजले तर तो निम्म्याच्या आसपास उतरतो.

परंपरावादी भूमिकांचा विकास : या साधनाचा वापर करणारा हात बदलत गेला, आणि भाष्यही त्याबरोबर बदलले. रोनाल्ड रेगन यांच्या काळात शटडाउन हे राष्ट्राध्यक्षाचे अस्त्र होते. २३ नोव्हेंबर १९८१ रोजी त्यांनी कपात अपुरी म्हणून तात्पुरता ठराव नाकारला आणि सुमारे २,४१,००० कर्मचारी घरी गेले. तडजोड त्याच दिवशी झाली. १९९० मध्ये करवाढीची तडजोड करणाऱ्या थोरल्या जॉर्ज बुश यांच्याविरुद्ध प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांच्या पुढाकाराने स्वपक्षीयच उठले. परंपरावादी बंडाचे पहिले लक्ष्य रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष होता, ही गोष्ट पुढील घडामोडी समजण्यासाठी लक्षात ठेवावी लागते.

१९९५-९६ मधील दोन शटडाउन (१४ ते १९ नोव्हेंबर व १६ डिसेंबर ते ६ जानेवारी) हा या विषयाचा मध्यवर्ती प्रसंग होय. ४० वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलेल्या रिपब्लिकनांत ७३ नवे सदस्य होते. रेडिओवरील भाष्यकार रश लिंबॉ यांना या तुकडीने आपले मानद सदस्य केले होते. रेडिओवर दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन १९८७ मध्ये उठले आणि लिंबॉ यांचा कार्यक्रम १९८८ पासून देशभर पोहोचला. पक्षनेत्यांना सभागृहाबाहेरच्या श्रोत्याला उत्तर द्यावे लागण्याचा काळ तेथून सुरू झाला असे म्हणता येते. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यापुढे ठेवलेली, सात वर्षांत संतुलित अर्थसंकल्प ही मागणी गंभीर होती. तथापि इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून परतताना राष्ट्राध्यक्षांच्या विमानातून आपल्याला मागच्या दाराने उतरवले, ही तक्रार गिंग्रिच यांनी जाहीरपणे शटडाउनशी जोडली आणि तत्त्वाच्या लढाईस वैयक्तिक रुसव्याचे रूप आले. अखेर सिनेटमधील नेते बॉब डोल यांनी कार्यालये उघडण्यास पुढाकार घेतला.

या प्रसंगाचा अर्थ काय, यावर परंपरावादी गटांत आजही वाद आहे. प्रचलित मत असे की क्लिंटन जिंकले आणि १९९६ मध्ये पुन्हा निवडून आले. गिंग्रिच यांनी नंतर सातत्याने उलट मांडणी केली : रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृह राखले आणि १९९७ चा संतुलित अर्थसंकल्पाचा करार त्या हट्टामुळेच शक्य झाला. क्लिंटन यांनी जानेवारी १९९६ मध्ये मोठ्या शासनाचे युग संपल्याची घोषणा केली, हे या दाव्याला काही बळ देते. परंतु त्या दशकातील भरभराटीने वाढलेला करमहसूल बाजूला ठेवून एवढे श्रेय शटडाउनला देणे अवघड आहे.

२०१३ मधील १६ दिवसांच्या शटडाउनमध्ये हा भेद उघड झाला. मार्क मेडोज यांच्या पुढाकाराने प्रतिनिधिगृहाच्या ८० सदस्यांनी सही केलेले पत्र, सिनेटर टेड क्रूझ यांचे २१ तासांहून अधिक चाललेले भाषण आणि हेरिटेज ॲक्शन या परंपरावादी संस्थेचा दबाव यांतून, राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या आरोग्यविमा कायद्याचा पैसा रोखल्याशिवाय खर्चास मंजुरी नाही, अशी भूमिका ठरली. त्यास तितकाच तीव्र विरोध परंपरावाद्यांतूनच झाला. स्तंभलेखक चार्ल्स क्राउटहॅमर, करविरोधी चळवळीचे ग्रोव्हर नॉर्क्विस्ट आणि सिनेटर टॉम कोबर्न यांनी हे डावपेच चुकीचे ठरवले. त्यांच्या विरोधातील कळीचा मुद्दा अर्थतांत्रिक होता : त्या कायद्याचा बहुतेक खर्च वार्षिक विनियोजनात येतच नव्हता. त्याखालील विमा बाजारपेठा शटडाउनच्या पहिल्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, उघडल्या. ज्या शस्त्राने लक्ष्याला इजाच होणार नव्हती ते उगारले गेले, हा आक्षेप आजही निरुत्तर आहे. पुढच्याच वर्षी रिपब्लिकनांनी सिनेट जिंकले, याकडे समर्थक बोट दाखवतात. सिनेटमधील नेते मिच मॅकॉनेल मात्र खेचराच्या दुसऱ्या लाथेत शिकण्यासारखे काही नसते, ही केंटकीतील म्हण सांगत.

याच काळात परंपरावादी भाष्यातील एक जुनी तक्रार पुन्हा पुढे आली. १९६९ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक जॉर्ज हार्टझॉग यांनी कपातीच्या विरोधात वॉशिंग्टन स्मारकासारखी लोकप्रिय ठिकाणे आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवली होती. लोकांच्या डोळ्यांवर येईल तेच आधी बंद करण्याच्या या पद्धतीला तेव्हापासून त्या स्मारकाचे नाव चिकटले. २०१३ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या उघड्या स्मारकाभोवती अडथळे लावले गेले आणि वृद्ध सैनिकांनी ते ओलांडले, तेव्हा हा आरोप पटण्याजोगा झाला.

डिसेंबर २०१८ मध्ये अस्त्र पुन्हा राष्ट्राध्यक्षाच्या हाती आले. सिनेटने १९ डिसेंबरला तात्पुरता ठराव आवाजी मताने संमत केला होता. लिंबॉ व परंपरावादी भाष्यकार ॲन कूल्टर यांनी, मेक्सिको सीमेवरील भिंतीसाठी त्यात पैसा नाही यावरून, टीकेचा भडिमार केल्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला. ५.७ अब्ज डॉलरच्या मागणीसाठी ३५ दिवस गेले, सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचे वेतन थांबले आणि शेवटी मिळाले ते १.३७५ अब्ज. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने उत्पादनातील कायमचे नुकसान ३ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला. त्यानंतर आणीबाणी जाहीर करून भिंतीकडे पैसा वळवण्यात आला, तेव्हा सिनेटमधील १२ रिपब्लिकनांनी विरोधात मत दिले. मॅडिसनचे वचन उद्धृत करणाऱ्यांची ती खरी कसोटी होती आणि हे बारा जण तिला उतरले.

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ हा ४३ दिवसांचा शटडाउन तोपर्यंतचा सर्वांत दीर्घ ठरला. या वेळी भूमिकांची अदलाबदल झाली. सिनेटमध्ये चर्चा संपवण्यास लागणारी ६० मते डेमोक्रॅटांनी आरोग्यविमा अनुदानाच्या मुदतवाढीसाठी रोखली, आणि धोरणाची अट न घालता ठराव संमत करावा असे रिपब्लिकन म्हणू लागले. १८७९ मध्ये गारफिल्ड यांनी घेतलेली भूमिका ती हीच. राष्ट्राध्यक्षांच्या व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख रसेल व्हॉट यांनी शटडाउनचा उपयोग नोकरकपातीसाठी केला आणि ४,००० हून अधिक नोटिसा काढल्या. न्यायालयाने त्या अडवल्या व अखेरच्या तडजोडीत त्या मागे घ्याव्या लागल्या. सिनेटमधील ६० मतांचा नियमच रद्द करावा, ही ट्रम्प यांची मागणी सिनेटमधील रिपब्लिकन नेते जॉन थून यांनी मानली नाही. अल्पमताचे रक्षण करणारा अडथळा मोडणे परंपरावादात बसते काय, हा वाद त्यातून पेटला. थून यांची भूमिका परंपरावादाच्या मूळ प्रकृतीशी अधिक सुसंगत दिसते.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध मर्यादित पण प्रत्यक्ष आहे. एच-१बी व्हिसासाठी लागणारे श्रम विभागाचे प्रमाणपत्र २०१३ व २०२५ मध्ये थांबले आणि पुण्या-मुंबईतून जाऊ पाहणाऱ्या अभियंत्यांचे अर्ज अडकले. नागरिकत्व व स्थलांतर सेवा मुख्यतः शुल्कावर चालत असल्याने तिचे काम सुरू राहिले.

उपायांची चर्चा : मंजुरी संपताच जुना खर्च आपोआप चालू राहावा, असा कायदा करण्याची सूचना प्रामुख्याने रिपब्लिकन सिनेटरांकडून आली. रॉब पोर्टमन, जेम्स लँकफर्ड व रॉन जॉन्सन यांची विधेयके या स्वरूपाची आहेत. जॉन्सन यांच्या विस्कॉन्सिन राज्यात अशी व्यवस्था आहे. लँकफर्ड यांच्या विधेयकात, काम पुरे होईपर्यंत सदस्यांनी वॉशिंग्टन सोडू नये, असेही बंधन आहे. काही परंपरावादी यास विरोध करतात, कारण चालू खर्च आपोआप टिकला तर तो कमी करण्याची गरजच कोणाला उरणार नाही, आणि तिजोरीची किल्ली काँग्रेसच्या हातून कायमची निसटेल. २०२५ अखेरपर्यंत यांपैकी एकही विधेयक कायद्यात उतरले नव्हते.