पीडीएफ विभाजन

अनेक पानांच्या एका पीडीएफ फाइलमधून हवी ती पाने किंवा पानांचे गट घेऊन त्यांच्या स्वतंत्र फाइली करणे म्हणजे पीडीएफ विभाजन. विदर्भातल्या गावांमध्ये हे काम सेतू केंद्रावर, झेरॉक्सच्या दुकानात आणि शिकणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर सतत चालते. घरातले कागद एका बैठकीत, एका गठ्ठ्यात स्कॅन होतात. ऑनलाइन अर्ज मात्र प्रत्येक कागद वेगळ्या रकान्यात आणि ठरलेल्या आकाराच्या आत मागतो.

पीडीएफ हा प्रकार अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आयएसओ ३२००० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. अशा फाइलच्या आत पाने, फॉन्ट, चित्रे हे सगळे क्रमांक दिलेले वेगवेगळे घटक असतात. कोणते पान कोणत्या क्रमाने येते याची एक यादी असते आणि प्रत्येक घटक फाइलमध्ये नेमका कुठे आहे हे सांगणारा तक्ता बहुधा शेवटी असतो. पीडीएफ फोडणारे सॉफ्टवेअर निवडलेल्या पानाचा घटक घेते, त्याला लागणारे फॉन्ट आणि चित्रे शोधून त्यांची नक्कल करते आणि नवा तक्ता लिहून नवी फाइल तयार करते. मूळ फाइलला धक्का लागत नाही. चित्रे जशीच्या तशी उचलली जातात, त्यामुळे अक्षरांचा ठळकपणाही कमी होत नाही.

तुकड्यांचे एकूण वजन मूळ फाइलपेक्षा जास्त भरते, ते यामुळेच. मूळ फाइलमध्ये एक फॉन्ट सगळ्या पानांना मिळून एकदाच साठवलेला असतो. फोडल्यावर प्रत्येक तुकडा त्याची आपली प्रत घेऊन निघतो. काही फाइलींमध्ये सगळी पाने चित्रांच्या एकाच सामायिक यादीकडे बोट दाखवतात. सॉफ्टवेअरने त्यातले अनावश्यक घटक गाळले नाहीत, तर एका पानाचा तुकडाही जवळपास पूर्ण फाइलएवढाच जड निघतो.

विभाजन आणि आकार कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केलेल्या ए-४ पानात २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके असतात. करड्या छटांत ते दाबल्याशिवाय (कॉम्प्रेस न करता) साठवले तर जवळपास ८.७ एमबी होतात. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात त्याच्या एक अष्टमांश. जड स्कॅन केलेले पान वेगळे काढले तरी जडच राहते. त्यासाठी स्कॅन करतानाच रंग आणि डीपीआय नीट निवडावे लागतात.

विभाजन सर्वात जपून करावे लागते ते जात पडताळणीच्या कागदांचे. अर्जदाराला मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे त्याच्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा पुरावा द्यावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. विदर्भात हा पुरावा बहुधा कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, बंदोबस्त मिसल (जुन्या जमीन मोजणी व सारा आकारणीची कागदपत्रे) किंवा जमिनीच्या अधिकार अभिलेखातून निघतो. नागपूरकडचा भाग आणि वऱ्हाड आधी मध्यप्रांतात आणि १९५० नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असल्याने अशा जुन्या नोंदी कधी हिंदीत, कधी मोडीत सापडतात. मग एकाच पुराव्याची तीन अंगे होतात: मूळ नोंदीचे पान, त्याचे लिप्यंतर आणि नक्कल देणाऱ्या कार्यालयाचा शिक्का असलेली मागची बाजू. पानागणिक फोडणारे सॉफ्टवेअर ही तिन्ही अलग करून टाकते आणि कोरे समजून मागची बाजू वगळली गेली, तर नक्कल प्रमाणित आहे हेच दिसत नाही. म्हणून इथे एक पान एक फाइल हा हिशेब चालत नाही. एक दस्त एक फाइल असा धरावा. फाइलच्या नावात अर्जदाराशी असलेले नाते, दस्ताचा प्रकार आणि वर्ष टाकले, तर वंशावळीशी जुळवणे सोपे जाते. 'आजोबा-दाखलखारीज-१९४६' असे नाव सहा महिन्यांनंतरही कळते, 'स्कॅन००१२' कळत नाही.

काही फाइली मात्र मुळीच फोडू नयेत. १५ रुपये भरून मिळणाऱ्या सातबाऱ्यावर डिजिटल सही असते. ही सही संपूर्ण फाइलच्या बाइटांवरून काढलेली असते. गाव नमुना सातचे पान ठेवून बाराचे पान वेगळे केले की नवी फाइल तयार होते आणि सही तिला लागू पडत नाही. सहीचा चौकोन पानावर बऱ्याचदा दिसत राहतो, पण तपासल्यावर ती वैध ठरत नाही. ई-आधारचेही तेच. ती फाइल उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष असा पासवर्ड लागतो, आणि तो दिल्याशिवाय विभाजनही होत नाही.

वनहक्क कायदा २००६ खालच्या सामूहिक दाव्यांमध्ये अडचण नकाशाची असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला, आणि तेव्हापासून पूर्व विदर्भात कितीतरी ग्रामसभांनी दावे तयार केले. दाव्याच्या गठ्ठ्यात निस्तार पत्रक (जंगल वापरण्याच्या गावाच्या परंपरागत हक्कांची नोंद), ग्रामसभेचा ठराव, सह्यांची पाने आणि नकाशा येतो. पीडीएफमध्ये प्रत्येक पानाची लांबी-रुंदी स्वतंत्र नोंदलेली असते, त्यामुळे ए-४ पानांत ए-३ नकाशा बसू शकतो आणि खऱ्या विभाजनात तो मापासकट बाहेर येतो. ब्राउझरच्या प्रिंटमधून 'पीडीएफ म्हणून सेव्ह' केले तर बहुधा तो ए-४ मध्ये आक्रसतो आणि नकाशावर लिहिलेले प्रमाण खोटे ठरते. सातबारा-आधारची सहीसुद्धा याच वाटेने जाते.

इंटरनेटशिवाय चालणारी मोफत साधने पुरेशी आहेत: क्यूपीडीएफ, पीडीएफटीके, पॉपलरमधले पीडीएफसेपरेट आणि माउसने चालवता येणारे पीडीएफसॅम बेसिक. धारणी किंवा भामरागडसारख्या तालुक्यांत जिथे नेटवर्क येते-जाते, तिथे तीच सोयीची. शिवाय संकेतस्थळावर फाइल चढवून फोडायची म्हणजे आधार, बँक पासबुक आणि जातीचा दाखला अनोळखी सर्व्हरवर पाठवणे होय. दुकानातल्या संगणकावर काम झाले, तर तुकडे डाउनलोडच्या फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही पुसायला सांगावे. ते सांगण्याचा हक्क ग्राहकाचा आहे.